मनगटाएवढा थर

मारिनुसची गाडी आली नाही. जानेवारीतलं पहिलं उधाण होतं, सकाळपासून पावसाची बुरबुर लागली होती, आणि मोरलानच्या धक्क्यावर नेस्ट, तिचा नवरा इथेल आणि मुलगी हेलेड शिंपल्यांच्या साठ पोत्यांपाशी उभी होती. बावीस वर्षांची रीत होती. ओहोटीला शिंपले दंताळ्यानं ओढायचे, चाळायचे, पोती भरून धक्क्यावर लावायची, आणि हॉलंडच्या मारिनुसनं थंडगार गाडी पाठवून ती उचलायची. मोरलानच्या खाडीचं पाणी काही फार निर्मळ नाही. इथला शिंपला खाण्याआधी दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवावा लागतो. तसं पाणी मारिनुसपाशी होतं, मोरलानात कुणापाशी नव्हतं.

तीन वाजता फोन वाजला. इथेलनं तो न बघताच नेस्टच्या हातात दिला. वाईट बातमीचा वास आला की फोन बायकोकडं द्यायचा, ही त्याची जुनी खोड.

“नेस्टबाई, गाडी येत नाही,” मारिनुस म्हणाला. “आज नाही आणि पुढच्या उधाणालाही नाही. तुमचा देश युरोपच्या युनियनबाहेर गेला. बाहेरच्या देशातला न धुतलेला शिंपला आता आम्हाला आत घेता येत नाही. धुऊन पाठवा, मी घेतो.”

“अरे, पण खाडी तीच, शिंपला तोच, तूही तोच!”

“मला कळतं हो बाई. कागदाला कळत नाही. माझी टाकीसुद्धा रिकामी पडलीय.”

तिनं फोन ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. इथेल खाली बसला आणि पोत्याच्या तोंडाची गाठ उगाच सोडून परत बांधत राहिला. खाडीतल्या शेजारच्या शिंपल्यांच्या पट्ट्याचा मालक टेकविन आपली होडी ओढून वर घेत होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. त्याचीही चाळीस पोती तिथंच पडली होती.

“काय डोंगरे पाहुणे,” तो म्हणाला, “घर आपलं, दार आपलं. आता किल्ली कुठं ठेवलीस?”

“मतदानात तूपण तिथंच खूण केली होतीस,” इथेल म्हणाला.

“केली की. म्हणून तर हसतोय. रडलो तर बायको कारण विचारंल.”

साडेचार वर्षांपूर्वीच्या त्या मतदानात इथेलनं युनियनमधून बाहेर पडा म्हणून खूण केली होती. ‘घर आपलं, दार आपलं’ ही तेव्हाचीच घोषणा. वरच्या डोंगरात त्याच्या बापाची पाटीच्या दगडाची खाण बंद पडली, तेव्हापासून राजधानीतल्या कुठल्याच साहेबावर त्याचा राग गेला नव्हता, आणि राग काढायला त्याला तेवढी एकच चिठ्ठी मिळाली. नेस्टनं राहू द्या म्हणून खूण केली होती. निकालानंतर तिनं ते एकदाही बोलून दाखवलं नाही. नवऱ्याला गावानं टोचायचं आणि घरी येऊन बायकोनंही टोचायचं, हे तिला बरं वाटायचं नाही. आधीच तो घरजावई. शिंपल्यांचा पट्टा नेस्टच्या बापाचा. इथेल डोंगरातून लग्न करून खाली आला त्याला एकतीस वर्षं झाली, तरी गाव त्याला डोंगरे पाहुणेच म्हणत होतं.

दुसऱ्या दिवशीच्या भरतीला त्यांनी साठ पोती होडीत घातली आणि जिथून काढली होती तिथंच परत ओतली. तीन दिवसांची मेहनत होती. ओतताना कुणी कुणाकडं बघितलं नाही.

फेब्रुवारीत इथेल पलीकडच्या तीरावर दोनदा जाऊन आला. तिथं एका कंपनीची शिंपले धुण्याची टाकी होती. पहिल्या खेपेला फाटकावरच्या माणसानं त्याचं नाव लिहून घेतलं. दुसऱ्या खेपेला तेही घेतलं नाही. त्यांच्या टाकीत त्यांचेच शिंपले मावत नव्हते. शेवटी हेलेडच्या एका मैत्रिणीच्या ओळखीनं दोन पोती धुऊन मिळाली, आणि ती घेऊन मायलेकी शनिवारच्या बाजारात बसल्या. त्या वर्षी साथीच्या आजारामुळं सगळ्यांच्या तोंडाला फडकी होती. गिऱ्हाइकाचा चेहरा दिसत नव्हता, नुसते डोळे दिसत, आणि ते शिंपल्यांवरून सरकून शेजारच्या बटाट्यांवर जात.

“हे जिवंत हाय का?” एका बाईनं विचारलं.

“जिवंतच पाहिजे बाई. मेलेला खायचा नसतो.”

“ई गं,” म्हणून ती पुढं गेली.

साऱ्या मुलखाच्या किनाऱ्यावर शिंपला, आणि खाणारं मात्र कुणी नाही. खाणारे सगळे समुद्रापार. दुपारी नेस्टच्या शाळेतल्या म्हाताऱ्या मास्तरीणबाई काठी टेकत आल्या. नेस्टला ओळखून थांबल्या. “दे एक वाटीभर,” त्या म्हणाल्या. “माझी मांजर काहीही खाते.” नेस्टनं मोजून दिले, वर चार जास्त घातले आणि थँक्यू म्हणाली. गाडीत बसली तरी तिचे कान तापलेले होते. हेलेड म्हणाली, “आई, मांजरीचं बघून पुढच्या शनिवारी कुत्रा येईल.” दोघी हसल्या खऱ्या, पण ते हसू लगेच विझलं.

हेलेड अठ्ठावीस वर्षांची. शहरातल्या दुकानातली नोकरी तिनं नाताळात सोडली होती, कारण येत्या मे महिन्यात पट्टा तिच्या नावावर व्हायचा होता. नेस्टच्या बापानं तो असाच नेस्टच्या नावावर केला होता. घरात दुसरं द्यायला काही नव्हतं. एक जुनं दगडी घर, तेही सरकारी भाड्याचं, आणि हा चिखलातला पट्टा. मे महिन्यात पट्ट्याच्या खाली, समुद्राच्या बाजूच्या खडीवर बी धरतं, तांदळाच्या कण्यांएवढे बारीक शिंपले, आणि ते उचलून वरच्या पट्ट्यात टाकले की दोन-तीन वर्षांत मोठे होतात. म्हणून पट्टा द्यायचा तो मे महिन्यातच, बी धरताना. नव्या मालकिणीच्या हाताला पहिलं बी लागावं, अशी गावाची समजूत.

मार्च लागला आणि नवीच पंचाईत उभी राहिली. वरचा पट्टा दाटला. दरवर्षी हिवाळ्यात माल निघतो, म्हणून पट्टा मोकळा राहतो. यंदा माल जागच्या जागी होता. शिंपले एकमेकांवर चढले, खाली त्यांचाच काळा रेंदा साचला, पायाखाली पट्टा गादीसारखा हलायला लागला. असा सैल झालेला पट्टा एका वादळात गुंडाळून जातो.

“माझा मी तसाच ठेवणार,” टेकविन म्हणाला. “जाईल तर जाईल. फुकट कोण राबणार? मी होड्या रंगवायला चाललो.”

इथेलनं मात्र टीव्हीवर ऐकलं होतं. कुणी साहेब सांगत होता की हा सगळा कागदांचा घोळ आहे, एप्रिलात नवे नियम येतील आणि शिंपल्याला वाट मोकळी होईल. इथेलनं ते रात्रीच्या जेवणाला सांगितलं. मटण-बटाट्याचं कालवण निवत होतं, तरी तो बोलत राहिला.

“मोठा माल सगळा काढू. खालच्या खडीवर नेऊन पसरू. तिथं पाणी वाहतं, शिंपला ताजा राहील. एप्रिलात वाट उघडली की गावात माल फक्त आपल्याकडं. वरचा पट्टापण वाचला.”

“आणि नाय उघडली तर?” हेलेडनं विचारलं.

“साहेब बोललाय.”

“बाबा, साहेब तर तेव्हापण बोलले होते.”

इथेलचा चमचा थांबला. नेस्टनं मुलीला डोळ्यांनी दाबलं आणि म्हणाली, “करू या. दाटलेला पट्टा तसापण मोकळा करायलाच लागतोय.” तिला बेत खरोखर पटला होता. इतक्या दिवसांत घरात प्रथमच काहीतरी करायचं ठरत होतं.

मार्चअखेरचं उधाण वर्षातलं सगळ्यांत मोठं. पाणी इतकं मागं जातं की उधाण सोडून एरवी न दिसणारी खालची खडी पहाटे तास-दीड तास उघडी पडते. चार दिवस ते तिघं राबले. पहाटे अंधारात चिखलात उतरायचं, वाकून दंताळं ओढायचं, शिंपले चाळणीत घ्यायचे, गदागदा हलवायचे, पोत्यात टाकायचे. उत्तरेचा वारा कानात सुई टोचावी तसा शिरत होता. रबरी हातमोज्यात पाणी गेलं की बोटं कुणा दुसऱ्याची वाटायची. नेस्टच्या अंगठ्याच्या बेचक्यात भेग पडली आणि तिच्यात मीठ गेलं. तिनं चिकटपट्टी गुंडाळली आणि तसंच चालू ठेवलं. दुपारी भरतीला होडी तरंगली की इथेल आणि हेलेड पोती घेऊन खालच्या खडीवर जायचे आणि फावड्यानं शिंपले पाण्यात सोडायचे. नेस्ट मागं राहून उरलेली पोती बांधायची.

तिसऱ्या दिवशी इथेलचा उजवा खांदा गेला. हात वर होईना. कोटाची बाही घालताना त्यानं दात आवळलेले नेस्टनं बघितले.

“उद्या राहू दे,” ती म्हणाली.

“उद्या राहिलं तर पंधरा दिवस राहिलं. पाणी थांबतंय का माझ्या खांद्यासाठी?”

चौथ्या दिवशी पहाटे पाणी फार खाली गेलं होतं. नेस्ट चिखल तुडवत एकटीच खालच्या खडीवर गेली. तीन दिवस टाकलेला माल बघायचा होता. लांबून तर झकास दिसत होतं. काळाभोर, ओला, जिवंत गालिचा. ती वाकली आणि हात आत घातला.

तिचा बाप शिंपल्यांच्या थराबद्दल सांगायचा, तळहात बुडाला तर पोट भरलं, मनगट बुडालं तर उपास. नेस्टचं मनगट बुडालं. तिनं दोन पावलं सरकून परत हात घातला. कोपराला चार बोटं उरली, एवढा हात आत गेला.

तिला लगेच कळलं काय झालं ते. इथेलनं आजवर होडीतून फक्त बी टाकलं होतं, तेही वरच्या पट्ट्यात. बी कितीही जाड टाका, ते कण्यांएवढं असतं, सरकत सरकत जागा करून घेतं. मोठा शिंपला इथं आजवर कुणीच टाकला नव्हता, कारण मोठा शिंपला विकायचा असतो, परत पेरायचा नसतो. मोठा शिंपला खातो तेवढा हगतो. थर जाड असला की वरच्याच्या घाणीत खालचा गुदमरतो. शिवाय फावडं मारताना होडी गोल फिरवत ठेवायची असते. खांदा धरल्यावर इथेलनं ती एका जागी उभी केली असणार.

अजून वेळ होता. तासभर पाणी येणार नव्हतं, आणि आजचा माल टाकायचाच होता. हाक मारून सांगितलं असतं, तर तिघांनी दंताळ्यांनी थर ओढून निम्मा तरी पातळ केला असता. निम्मा वाचला असता.

तेवढ्यात वरून शीळ ऐकू आली. इथेल पट्ट्यावर उभा राहून, डाव्या हातानं चाळणी हलवत शीळ घालत होता. चॅपेलमधल्या प्रार्थनेच्या गाण्याची चाल होती. जानेवारीपासून तो शीळ सोडाच, धड बोलतही नव्हता. हेलेड त्याला म्हणाली, “बाबा, आजोबा असते तर तुला पाहुणा म्हणाले नसते.” आणि तो हसला. मोठ्यानं हसला. नेस्टनं ते दोनशे पावलांवरून ऐकलं.

तिनं हात बाहेर काढला आणि कोटाला पुसला.

“कसं हाय?” तो ओरडला.

“बरं हाय,” ती ओरडली.

दिवसभर तिनं मनाला समजावलं. पाणी वाहतं आहे, वाट उघडेपर्यंत तीन आठवड्यांचाच तर प्रश्न आहे, पुढच्या उधाणाला आपण एकटीनं जाऊन थर पातळ करू, त्याला कळायचंही नाही. दुपारी उरलेली पोतीही तिथंच गेली.

पुढच्या उधाणाला वाऱ्यानं घात केला. चार दिवस पश्चिमेकडून दाबून वाहिला आणि पाणी मागं हटूच दिलं नाही. नेस्ट चारही पहाटे धक्क्यावर येऊन उभी राहिली. खडी बुडालेली होती ती बुडालेलीच राहिली.

“कशाला हेलपाटे घालतेस?” इथेल म्हणाला. “माल कुठं पळून जातोय?”

तेव्हाही ती बोलली नाही. आता बोलून तरी काय, पाणी तर ऐकत नव्हतं.

एप्रिल निम्मा झाला आणि उलटला. वाट उघडली नाही. टीव्हीवर आता दुसरा साहेब होता. तो म्हणाला, असं वचन कुणी दिलंच नव्हतं, समजण्यात चूक झाली. इथेलनं टीव्ही बंद केला. थोड्या वेळानं म्हणाला, “असू दे. माल तर हाय. आज ना उद्या टाकी मिळंल.” तो मालाचं नाव घेई तेव्हा नेस्ट ताटं उचलायला उठे.

महिनाअखेरच्या उधाणाला वारा पडला होता. पहाट स्वच्छ होती, लांबवर डोंगरांच्या माथ्यावर बर्फाची रेघ दिसत होती. तिघं होडीनं निघाले. टेकविनही आपल्या पट्ट्याकडं चालला होता. वादळ काही आलंच नाही त्या वर्षी, त्यामुळं त्याचा हात न लावलेला पट्टा जागच्या जागी होता. नशिबाचा भाग, दुसरं काय.

वास आधी आला. सडक्या अंड्यांचा, घशात बसणारा. इथेलनं वल्हं थांबवलं. मग परत जोरात मारलं.

खडीवर शिंपले आ वासून पडले होते. वरच्या थरातले थोडे मिटलेले होते, जिवंत. त्यांच्याखाली सगळा काळा रबरबीत लगदा. इथेलनं दंताळं घातलं तर ते दांड्यापर्यंत आत गेलं आणि बुडबुडे आले. पाणकावळेसुद्धा लांब बसले होते. हेलेडनं कोटाची बाही नाकाला लावली आणि मागं वळून उलटी केली.

“खडीपण गेली,” तिनं तोंड पुसत म्हटलं. “ह्या घाणीवर बी कसं धरणार? आई, दोन वर्षं तरी धरणार नाय.”

नेस्टनं मान हलवली. वरच्या पट्ट्यातला मोठा माल त्यांनी स्वतःच काढून इथं आणला होता. वर उरली होती चिल्लीपिल्ली. हेलेडला द्यायला आता काही नव्हतं, आणि ते तिघांनाही एकाच वेळी कळलं. हेलेडनं पायानं एक उघडा शिंपला उलटा केला. मग म्हणाली, “बंदरावर ट्रकांचे कागद तपासायला माणसं घेतायत. मी सोमवारी जाऊन येते.” आवाजात राग नव्हता. तिनं दंताळं उचललं आणि मेलेले शिंपले ओढायला लागली. लगदा हलवला तर भरती तो घेऊन जाईल, तेवढंच आता हातात होतं.

टेकविन आपलं काम सोडून आला. आला, बघितलं. खाली वाकून त्यांच्यासोबत ओढायला लागला. त्यानं टोमणा मारला असता तर इथेलला बरं वाटलं असतं. शेवटी इथेलनंच तोंड उघडलं.

“मीच टाकले जाड,” तो सगळ्यांच्या देखत म्हणाला. “खांदा धरला म्हणून होडी फिरवली नाय. मला वाटलं बी टाकतो तसंच हे. डोंगरातल्या माणसाला पाण्यातलं काय कळतं? सासऱ्याचा पट्टा खाल्ला मी.”

“अरे, कुणालाच कळलं नसतं,” टेकविन हळू म्हणाला. “मोठा माल कधी कुणी टाकलाय इथं?”

नेस्टच्या हातातलं दंताळं थांबलं. गप्प राहिली असती तरी चाललं असतं. कुणी विचारत नव्हतं. पण नवरा चिखलात उभा राहून शेजाऱ्यासमोर स्वतःला शिव्या देत होता आणि तिला ते ऐकवेना.

“मला कळलं होतं,” ती म्हणाली. “मार्चात. चौथ्या दिवशी पहाटे मी इथं हात घातला होता. मनगट बुडालं. तेव्हा सांगितलं असतं तर निम्मा वाचला असता.”

इथेल सरळ झाला. “मग?”

“तू शीळ घालत होतास.”

हेलेड आईकडं बघत राहिली. टेकविननं टोपी काढली, परत घातली आणि आपल्या पट्ट्याकडं चालू लागला.

“म्हणून?” इथेल म्हणाला.

“तुला बरं वाटत होतं. जानेवारीपासून पहिल्यांदा. मला ते मोडवेना.”

तो जवळ आला. त्याचा उजवा हात अजून अर्धवटच हलत होता. “बापाचा पट्टा घालवलास,” तो म्हणाला, “माझं मन राखायला? कुणी सांगितलं होतं तुला? मी काय पाळण्यातलं पोर हाय, नेस्ट? सगळ्या गावानं मला पाहुणा म्हटलं. घरात तरी मी माणूस हाय, असं मला वाटत होतं.”

तिनं दंताळं परत लगद्यात घातलं. तो वळला आणि खडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाठमोरा काम करू लागला.

पाणी यायला लागलं तरी ते ओढतच होते. हेलेड आधी होडीत चढली. नेस्ट निघाली तेव्हा तिचे गमबूट लगद्यात गुडघ्यापर्यंत रुतले. एक पाय उपसला तर दुसरा आत गेला. पाणी मांड्यांना लागलं. तिनं हाक मारली नाही. इथेल आपणहून आला, तिच्या मागं उभा राहिला, दोन्ही काखांत हात घातले आणि दुखऱ्या खांद्यानं कण्हत तिला उपसून काढलं. एक बूट आतच राहिला. तिला होडीच्या काठावर टेकवलं, पाय उचलून आत ठेवले आणि स्वतः चढून वल्ही घेतली. या सगळ्यात त्यानं तिच्या तोंडाकडं एकदाही बघितलं नाही.

होडी थोडी पुढं गेल्यावर ती उठून त्याच्याकडं सरकायला लागली. “इथेल,” ती म्हणाली.

“बस खाली,” तो म्हणाला. “होडी हलते.”